ऋणनिर्देशात बरोबरीच्यांना काय म्हणावं?

प्रश्न : पीएचडीचा प्रबंध बांधायला द्यायचाय आणि गाडी अडलीय ऋणनिर्देशाच्या पानावर. मार्गदर्शक, विभागप्रमुख, ग्रंथपाल, घरचे यांच्यासाठीची वाक्यं जणू तयारच मिळतात. प्रश्न आहे लॅबमधल्या तिघांचा. 'सहकाऱ्यांचे आभार' म्हटलं की ऑफिसातला निरोप समारंभ वाटतो. 'उपकार' लिहिलं तर ते हसतील. 'मित्रमंडळी' म्हणावं, तर त्यातल्या एकीशी पाच वर्षांत माझी मैत्री अशी झालीच नाही, पण माझे तिन्ही मसुदे वाचले ते तिनंच. योग्य शब्द कोणता?

प्रतिसाद : 'उपकार' नकोच. तो वरून खाली येतो, आणि बरोबरीच्यांत तर तो हल्ली टोमणा मारायलाच वापरतात : 'मोठे उपकार केलेस!' 'सहकारी' म्हणजे बरोबर काम करणारा, 'सहाध्यायी' म्हणजे बरोबर शिकणारा. तुमचं नातं दुसरं आहे. एकाच गुरूकडे शिकणाऱ्यांना संस्कृतात नेमका शब्द आहे, 'सतीर्थ्य'. अमरकोशात 'सतीर्थ्यास्त्वेकगुरवः' असं आहे. इथे तीर्थ म्हणजे गुरू. पाणिनीनं तर या एका शब्दासाठी दोन सूत्रं खर्ची घातली आहेत : 'समानतीर्थे वासी' यानं प्रत्यय येतो आणि 'तीर्थे ये' यानं 'समान'चा 'स' होतो. मैत्री असो वा नसो, गाईड एक असला की झालं. तुमच्या मसुदे वाचणारीला चपखल बसतो.

जाता जाता : आभार 'मानतात', धन्यवाद 'देतात', कृतज्ञता 'व्यक्त करतात'. 'आभार व्यक्त करते' असं सर्रास छापलेलं दिसतं, मला ते खटकतं.

प्रतिसाद : सतीर्थ्य शब्द सुंदर आहे, पण वाचणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना कळणार नाही. शिवाय मराठीत 'तीर्थ घेणं' म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'माझ्या सतीर्थ्यांनी रात्र रात्र साथ दिली' हे वाचून परीक्षकांचा भलताच समज व्हायचा! त्यापेक्षा 'गुरुबंधू' परवडला, पण तो गाण्याच्या घराण्यात शोभतो, लॅबमध्ये नाटकी वाटेल. 'सहाध्यायी' लिहा आणि मोकळ्या व्हा.

एक मात्र टाळा. त्यांचा 'खारीचा वाटा' म्हणू नका. तो आपण आपल्या कामाबद्दल नम्रतेनं म्हणायचा असतो. दुसऱ्याच्या मदतीला म्हटला की तिची किंमत आपणच ठरवून कमी केल्यासारखं होतं. मी स्वतः एकदा हे करून बसलोय.

प्रतिसाद : मला 'ऋणनिर्देश' या शब्दाबद्दलच बोलायचंय. ऋण 'फेडलं' असं त्यात कुठेच नाही, फक्त बोट दाखवलंय. म्हणून तो मला 'उतराई होण्याचा अल्प प्रयत्न'पेक्षा प्रामाणिक वाटतो. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणं सांगितली आहेत, ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. त्यांत शेजारच्या टेबलावरच्या माणसाला जागा नाही. पण शतपथ ब्राह्मणात चौथं येतं, माणसांचं, आणि ते फेडायची रीतही दिली आहे : माणसांना निवारा द्यायचा, खाऊ घालायचं. होस्टेलची मुदत संपल्यावर ज्याच्या खोलीत मी दोन महिने जमिनीवर झोपलो, त्याच्या बाबतीत मला हे अक्षरशः खरं वाटतं.

आता 'कृतज्ञ'कडे बघा. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेलं काय ते माहीत असणारा. मग ते केलेलंच लिहा ना! 'प्रत्यक्ष-अप्रत्यक्षपणे मदत करणाऱ्या ज्ञात-अज्ञात सर्वांचे' या वाक्यात काहीच 'कृत' नाही, 'ज्ञ' तर नाहीच नाही.

प्रश्नकर्ती : हे पटलं. असं लिहिलंय : 'माझ्या सहाध्यायांपैकी एकीनं तिन्ही मसुदे वाचून समासात प्रश्न लिहिले, ज्यांतल्या दोहोंची उत्तरं मला आजही नीट देता येत नाहीत. एकानं फ्रीजर बंद पडला त्या रात्री न विचारता माझे नमुने दुसरीकडे हलवले आणि ते मला सकाळी कळलं. एकानं माझा निबंध नाकारला गेला तेव्हा स्वतःचे नकार वाचून दाखवले. मी त्यांची कृतज्ञ आहे.'

प्रतिसाद : छान. फक्त शेवटचं वाक्य बदला. 'त्यांची' हे आभारी आणि ऋणी यांच्याबरोबर चालतं. कृतज्ञ असलं की 'त्यांच्याविषयी'. आणि 'सहाध्यायांपैकी' नको, 'सहाध्यायींपैकी' करा.