मदत हवी आहे: बॅच फाइलला यादीतून दिलेली काही देवनागरी नावे डिस्कवर सापडत नाहीत

नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात गावकऱ्यांनी अनेक वर्षे चालवलेल्या हस्तलिखित मासिकाचे अंक आहेत. त्यांतील लेख आम्ही काही जण गेली दोन वर्षे संगणकावर टंकून घेत आहोत. प्रत्येक लेखाची एक मजकूर फाइल आहे, लेखाचे शीर्षक हेच तिचे नाव आहे आणि अशा ६१२ फाइली एकाच फोल्डरमध्ये पडून आहेत. त्या वर्ष आणि विभाग यांप्रमाणे वेगवेगळ्या फोल्डरांत लावण्यासाठी मी विंडोजची एक बॅच फाइल (ओळीने चालवायच्या आज्ञांची मजकूर फाइल) लिहिली आहे. ती ५८९ फाइलींसाठी नीट चालते आणि उरलेल्या २३ फाइलींपाशी अडते. कागद आता हाताळण्याच्या स्थितीत नाहीत, त्यामुळे या २३ फाइली हाताने उचलून ठेवण्यापेक्षा त्या का अडतात हे समजून घेणे मला आवश्यक वाटते. पुढे आणखी अंक टंकायचे आहेत.

(आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, प्रत्यक्ष फाइलीत त्या रोमनमध्येच आहेत.)

रचना अशी आहे. स्प्रेडशीटमध्ये फाइलीचे नाव, वर्ष आणि विभाग असे तीन रकाने आहेत आणि ती यादी ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून जतन केली आहे. मुख्य बॅच फाइल यादीची एकेक ओळ ‘फॉर स्लॅश एफ’ने वाचते आणि ‘कॉल’ वापरून दुसऱ्या बॅच फाइलला ही तीन मूल्ये आर्ग्युमेंट (आज्ञेसोबत पुरवलेले मूल्य) म्हणून देते. दुसरी फाइल ‘%~१’, ‘%~२’ आणि ‘%~३’ अशी ती घेऊन ‘कॉपी’ करते.

येथवर येताना ज्या अडचणी सुटल्या त्या आधी सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांचा वेळ जाणार नाही.

पहिली अडचण अगदी पहिल्या ओळीवर आली. ‘ॲट एको ऑफ’ ही आज्ञा ओळखता येत नाही असा संदेश येत असे आणि संदेशात त्या आज्ञेच्या आधी गणितातल्या छेदचिन्हासारखी एक कमान आणि चौकटीचे दोन कोपरे दिसत असत. ती तीन चिन्हे म्हणजे यूटीएफ-८ (युनिकोडची चिन्हे बाइटांत लिहिण्याची एक पद्धत) फाइलीच्या आरंभीच्या बीओएम या अदृश्य ओळखखुणेचे तीन बाइट होते. वाचनालयाच्या संगणकावर विंडोज १० ची १९०३ पूर्वीची आवृत्ती आहे आणि तिच्यातील नोटपॅड ‘यूटीएफ-८’ निवडल्यावर बीओएम घातल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या संपादकातून बीओएमविना जतन केल्यावर हे थांबले.

दुसरी अडचण कोड पेजची, म्हणजे कोणत्या बाइटचे कोणते चिन्ह हे ठरवणाऱ्या तक्त्याची, होती. बॅच फाइलीत लिहिलेली विभागांची मराठी नावे भलतीच उमटत होती. ‘क’ लिहिले की ग्रीक अल्फा, मग डोक्यावर लाट असलेला एन आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला ओ, अशी तीन चिन्हे मिळत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि आमचा कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा चालवणारी खिडकी) कोड पेज ४३७ वर असल्यामुळे तो प्रत्येक बाइटचे वेगळे चिन्ह करत होता. बॅच फाइलीच्या आरंभी ‘सीएचसीपी ६५००१’ ही कोड पेज यूटीएफ-८ वर नेणारी ओळ घातल्यावर विभागांचे फोल्डर योग्य नावांनी तयार होऊ लागले. खिडकीत अजूनही मात्रा सुट्या पडलेल्या दिसतात, काही ठिकाणी चौकोनही दिसतात, पण तो फाँटचा प्रश्न आहे. फाइलींतील मजकूर आणि फोल्डरांची नावे शाबूत आहेत हे मी तपासले आहे.

तिसरी अडचण यादी वाचण्याची. ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणजे प्रत्यक्षात यूटीएफ-१६ (युनिकोड लिहिण्याची दुसरी पद्धत) असते आणि ‘फॉर स्लॅश एफ’ ती सरळ वाचू शकत नाही. ‘टाइप’ या आज्ञेतून यादी काढून तिचे फलित ‘फॉर’ला दिल्यावर ती वाचली जाते. डिलिमिटर (रकाने वेगळे करणारे चिन्ह) म्हणून फक्त टॅब ठेवला आहे, कारण शब्दांमधली मोकळी जागाही डिलिमिटर ठेवली तर शीर्षकाचा पहिला शब्द तेवढा नाव म्हणून उचलला जातो. ‘कॉल’ला मूल्ये देताना प्रत्येक मूल्य दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवले आहे, नाहीतर स्वल्पविराम, अर्धविराम आणि बरोबरचे चिन्ह यांच्यापाशीही कमांड प्रॉम्प्ट आर्ग्युमेंट तोडतो आणि ‘शेती, पाणी आणि आपण’ अशा शीर्षकाचे तुकडे होतात.

आता मूळ प्रश्न. ज्या २३ फाइलींसाठी ‘निर्दिष्ट केलेली फाइल सापडत नाही’ या अर्थाचा इंग्रजी संदेश येतो, त्यांपैकी काहींची नावे अशी आहेत: ‘दुसऱ्या पिढीचे शेतकरी’, ‘कुऱ्हाड आणि कोयता’, ‘आचाऱ्यांना विनंती’, ‘ॲल्युमिनियमची भांडी’, ‘१००% साक्षर गाव’. यादीतील नाव आणि फोल्डरमधील नाव मी शेजारी ठेवून अक्षर अक्षर पाहिले. कोणताही फरक दिसत नाही. आणखी एक गोष्ट मला कोड्यात टाकते. यांतीलच एखादी फाइल एक्सप्लोररमधून माउसने ओढून दुसऱ्या बॅच फाइलीच्या चिन्हावर सोडली, तर ती नीट वाचली जाते. म्हणजे बॅच फाइलला देवनागरी आर्ग्युमेंट झेपत नाही असेही म्हणता येत नाही.

एक विनंती. ‘रीजन’च्या सेटिंगमध्ये संपूर्ण संगणकासाठी यूटीएफ-८ चालू करण्याचा जो ‘बीटा’ पर्याय आहे, तो कृपया सुचवू नये. याच संगणकावर जुन्या आठ बिटांच्या मराठी फाँटमध्ये जुळवलेली वाचनालयाची वार्षिक वृत्ते आहेत, ती उघडणारा प्रोग्रॅम कोड पेज १२५२ धरून चालतो आणि त्या पर्यायाने त्याचे वाचन बिघडते.

प्रतिसाद १

आपण दोन वेगळे दोष एकाच यादीत ठेवले आहेत, म्हणून ‘१००% साक्षर गाव’ आधी बाजूला काढतो.

त्याचा एन्कोडिंगशी संबंध नाही. ‘कॉल’ ही आज्ञा आपली ओळ टक्क्यांच्या विस्तारासाठी (टक्क्यांत लिहिलेल्या नावाच्या जागी त्याचे मूल्य घालण्यासाठी) पुन्हा एकदा तपासते. ‘फॉर’च्या व्हेरिएबलमधून (मूल्य साठवणाऱ्या नावातून) आलेला एकटा टक्का पहिल्या फेरीत टिकतो, परंतु ‘कॉल’च्या दुसऱ्या फेरीत गळून जातो आणि दुसऱ्या बॅच फाइलला ‘१०० साक्षर गाव’ एवढेच मिळते. अवतरणचिन्हे येथे उपयोगी पडत नाहीत. कॅरेटचे (^) चिन्ह असलेले नाव असेल तर तेथे उलटा प्रकार होतो. अवतरणांत असूनही ‘कॉल’ त्याचे दोन करते. यावर मला एकच खात्रीचा मार्ग माहीत आहे: मूल्य आर्ग्युमेंट म्हणून देऊच नये. ‘फॉर’च्या आत ‘सेट’ने ते एका व्हेरिएबलमध्ये ठेवावे, ‘कॉल’ने त्याच फाइलीतील लेबलकडे (नाव दिलेल्या जागेकडे) कोणतेही आर्ग्युमेंट न देता जावे, आणि तेथे ते व्हेरिएबल दुहेरी अवतरणांत वापरावे. व्हेरिएबलच्या विस्तारातून आलेला टक्का पुन्हा तपासला जात नाही. मात्र डिलेड एक्स्पान्शन (उद्गारचिन्हांत लिहिलेल्या व्हेरिएबलचा उशिरा होणारा विस्तार) बंद ठेवावे, नाहीतर उद्गारचिन्ह असलेली शीर्षके अडतील, आणि हस्तलिखित मासिकात तशी शीर्षके पुष्कळ असणार. बॅच फाइलीच्या ओळी सीआर-एलएफने (ओळ संपवणाऱ्या दोन अदृश्य चिन्हांच्या जोडीने) संपतात हेही पाहावे, कारण नुसत्या एलएफने संपणाऱ्या फाइलीत लेबल कधी कधी सापडत नाही.

ओढून सोडण्याच्या चाचणीबद्दल एक सावधगिरी: नावात जागा असेल तरच एक्सप्लोरर ते अवतरणांत घालतो. ‘शेती&पाणी’ असे जागा नसलेले नाव ओढून सोडले तर अँपरसँडपाशी आज्ञा तुटते.

तरीही आपली ती चाचणीच उरलेल्या २२ फाइलींचे उत्तर देते. ओढून सोडताना नाव डिस्कवरून येते आणि बॅच चालवताना ते यादीतून येते. डिस्कवरचे नाव चालते आणि यादीतले चालत नाही, याचा अर्थ ती दोन नावे सारखी नाहीत, कितीही सारखी दिसली तरी. आपण दिलेल्या नावांत एकतर अर्धा ऱ आहे, नाहीतर ॲ आहे. कृपया एक करावे. कोड पेज ६५००१ वर असताना ‘डीआयआर स्लॅश बी’चे (फोल्डरमधील नावे दाखवणाऱ्या आज्ञेचे) फलित एका फाइलीत घ्यावे आणि यादी ‘टाइप’ने दुसऱ्या फाइलीत घ्यावी. नंतर ‘सीएचसीपी ४३७’ करून दोन्हींतील ‘दुसऱ्या’ची ओळ खिडकीत पाहावी. ज्या अगम्य चिन्हांचा आपल्याला त्रास झाला, त्यांतच फरक दिसेल.

धागाकर्ता

आपण सांगितले तसे केले आणि फरक खरोखरच दिसला.

डिस्कवरच्या नावात सगळी चिन्हे अल्फापासून सुरू होणाऱ्या तीन-तीनच्या गटांत आहेत. यादीतल्या नावात त्याच अल्फांच्या रांगेत मध्येच एक ग्रीक गॅमा आहे आणि त्याच्यामागे शेपटी असलेला मोठा सी आणि तिरकी रेघ असलेला आय आहे. ‘ऱ्या’च्या जागी डिस्कवर चार गट आहेत आणि यादीत पाच. टक्क्याचा दोष आपल्या पद्धतीने सुटला. ती फाइल आता योग्य जागी गेली.

यादी आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी घरच्या संगणकावर टंकली होती आणि लेख आम्ही वाचनालयात इन्स्क्रिप्टवर (भारतीय लिपींच्या प्रमाण कळफलकावर) टंकले होते, त्यामुळे टंकनाची साधने वेगळी होती हे नक्की. तो गॅमा म्हणजे काय, आणि तो यादीतून काढून टाकला तर चालेल का?

प्रतिसाद १

तो गट म्हणजे झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह आहे. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक २००डी आणि यूटीएफ-८ मध्ये त्याचे बाइट ई२, ८०, ८डी असे आहेत. मराठीतील अर्धा ऱ दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यानंतर हे अदृश्य चिन्ह जोडून. इन्स्क्रिप्टवर ऱ साठी स्वतंत्र कळ आहे, म्हणून आपल्या फाइलींच्या नावांत पहिला प्रकार आला. यादीत दुसरा आला. वाचणाऱ्याला ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ एकच दिसतात. एनटीएफएस (डिस्कवर फाइली ठेवण्याची विंडोजची व्यवस्था) मात्र नावातील क्रमांकांची तुलना करते आणि तिच्या दृष्टीने ही दोन नावे आहेत.

ते चिन्ह नुसते काढून टाकू नये, हे मी आग्रहाने सांगतो. ते काढले की र, हलन्त आणि य उरतात आणि त्यांचा रफार होतो. आपल्याच यादीतील ‘आचाऱ्यांना विनंती’ या लेखाचे ‘आचार्यांना विनंती’ होईल, म्हणजे स्वयंपाक्यांना केलेली विनंती विद्वानांना केल्यासारखी होईल. त्याऐवजी र, हलन्त आणि जॉइनर या तिन्हींच्या जागी ऱ आणि हलन्त घालावे. बॅचमधील व्हेरिएबलच्या अदलाबदलीने हे एका ओळीत होते, मात्र ती ओळ ‘सीएचसीपी ६५००१’ नंतर असली पाहिजे. त्या ओळीत एक अदृश्य चिन्ह आहे असे वर ‘रेम’ने (टीप लिहिण्याच्या आज्ञेने) लिहून ठेवावे, नाहीतर पुढे फाइल उघडणाऱ्याला तेथे काय आहे ते कळणार नाही. ‘सूर्य’ किंवा ‘कार्य’ यांत जॉइनर नसतो, त्यामुळे त्यांना धक्का लागणार नाही.

ॲ ची गोष्ट वेगळी आहे. ॲ हा अखंड वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीची सवय अ ला अर्धचंद्र जोडण्याची होती आणि काही साधने आजही तसेच टंकतात. युनिकोडच्या नियमित नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एकसारखी करण्याच्या प्रक्रियेने) हे दोन्ही प्रकार एक होत नाहीत, अर्ध्या ऱ चेही होत नाहीत. म्हणून प्रत्येकासाठी अदलाबदलीची स्वतंत्र ओळ लिहावी लागेल.

प्रतिसाद २

वरील निदानाशी सहमत आहे. फक्त कामाच्या रीतीबद्दल एक सूचना आहे. यादीतील नावे पुन्हा टंकूच नयेत. ‘डीआयआर स्लॅश बी’ने डिस्कवरून नावे काढावीत, ती स्प्रेडशीटमध्ये घ्यावीत आणि त्यांच्यापुढे वर्ष आणि विभाग तेवढे लिहावेत. कोड पेज ४३७ वर असताना मात्र ती नावे फाइलीत घेऊ नयेत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह उतरते आणि त्यातून मूळ नाव परत मिळत नाही.

आपल्या ‘फॉर’मध्ये आणखी एक धोका आहे. लागोपाठ दोन टॅब आले तर ते एकच धरले जातात. एखाद्या लेखाचे वर्ष माहीत नसेल आणि तो रकाना रिकामा सोडला असेल, तर विभागाचे नाव वर्षाच्या जागी येईल आणि कोणताही संदेश न येता फाइल चुकीच्या फोल्डरात जाईल. रिकाम्या रकान्यात एक आडवी रेघ तरी घालावी.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार.

अर्ध्या ऱ ची ओळ घातल्यावर १९ फाइली मिळाल्या आणि ॲ ची घातल्यावर उरलेल्या तीनही मिळाल्या. दुसऱ्या प्रतिसादातील धोका खरा निघाला. ज्या ५८९ फाइली नीट लागल्या असे मी वर लिहिले होते, त्यांतील चार ‘कविता’ नावाच्या वर्षात जाऊन बसल्या होत्या, कारण त्या अंकांची मुखपृष्ठे नाहीत आणि वर्षाचा रकाना रिकामा होता. त्या सोमवारी मूळ कागदांशी ताडून पाहणार आहे. नवी यादी डिस्कवरूनच काढली असून ज्येष्ठ सभासदांना आता फक्त वर्ष आणि विभाग भरायला दिले आहे.