मदत हवी आहे: गुडघेदुखी असलेल्या आईला रोममध्ये कसं फिरवू?

नमस्कार मंडळी, सप्टेंबरअखेर आईला घेऊन चार दिवस रोमला जातेय. आई ७१ वर्षांची. रोज सकाळी नवे बूट घालून सोसायटीत चालायचा सराव करते, पण वीस मिनिटांत बाकावर बसून गुडघे चोळावेच लागतात. व्हॅटिकनमधलं मोठं चर्च, सेंट पीटर्स बॅसिलिका, डोळे भरून बघायची हे तिचं फार जुनं स्वप्न. घुमट मात्र सोडलाय. ५५१ पायऱ्या, लिफ्ट घेतली तरी ३२० उरतातच. बुधवारी सकाळी चर्चसमोरच्या चौकात पोपची सभा असते, म्हणून गुरुवार धरलाय.

मुक्काम तेर्मिनी स्टेशनजवळ. मेट्रोच्या ए आणि बी लाईन तिथेच मिळतात, त्यामुळे व्हॅटिकनला ओत्ताव्हियानो स्टेशन आणि कलोसियमला कोलोसेओ स्टेशन, एवढं सोपं आहे. खरी अडचण जुन्या शहराची. पँथिऑन हे प्राचीन मंदिर, पियाझ्झा नव्होना हा चौक यांच्या अगदी जवळ मेट्रो नाही आणि गल्ल्यांत सगळीकडे काळ्या दगडी ठोकळ्यांची फरसबंदी. ठोकळ्यांच्या फटीत आईची काठी अडकली तर, या विचाराने झोप लागत नाही.

तेर्मिनीहून जुन्या शहरातून जाणाऱ्या ६४ नंबरच्या बसमध्ये वयस्कर माणसाला बसायला जागा मिळते का? पाकीटमारांचंही बरंच ऐकलंय. की सरळ टॅक्सीच करावी? व्हॅटिकन म्युझियममध्ये व्हीलचेअर कुणी घेतली आहे का? आणि पँथिऑनच्या आसपास सावलीत टेकायला चांगली जागा कुठे आहे, तेही जरूर सांगा.