उत्तर: गोवंडी शिबिर – शुगरची मशीन्स कोणाच्या बॅगेत जातील?

प्रेषक: उपक्रम समिती

मंडळी,

ब्रिटनमधल्या आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात जमा झालेली शुगरची ४० मशीन्स माझ्याकडे पॅक होऊन पडली आहेत. सगळी कोरी, प्रत्येकाबरोबर १० स्ट्रिप आणि टोचायचं पेन. गोवंडीचं शुगर-बीपी तपासणीचं शिबिर तोंडावर आलं आहे. येत्या दोन आठवड्यांत मुंबईला कोण चाललंय? प्रत्येकी आठ-दहा नेली तरी काम होईल. चेंबूरला पोचवा, पुढचं तिथली मंडळी बघतील. गेल्या वेळची शेवटच्या दिवसांतली धावाधाव परत नको.

प्रेषक: मुंबई समन्वय, चेंबूर

पुढचं बघायला आम्ही आहोतच, पण ही मशीन्स कृपया पाठवू नका.

ब्रिटनमधलं मशीन मिलिमोल या मापात आकडा दाखवतं. इथे सगळं मिलिग्रॅममध्ये चालतं आणि बहुतेक मशीन्समध्ये ते बदलता येत नाही, कंपनीनेच लॉक केलेलं असतं. तुमच्याकडचे ११.१ म्हणजे इथले २००. शिबिरात आरोग्य सेविका वहीत ११.१ लिहिते, घाईत टिंब राहतं, आणि दवाखान्यातला डॉक्टर १११ वाचतो. ज्याला त्याच दिवशी पुढे पाठवायला हवं, त्याला "नॉर्मल आहे" सांगून घरी पाठवलं जातं. हे होऊ द्यायचं नाही.

शिवाय चाळीस मशीन्स बॅगांत वाटून नेली तरी कस्टमच्या लेखी ती वैयक्तिक सामान ठरत नाहीत. ग्लुकोमीटर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली येतो, आयातीला परवाना लागतो. सणासुदीला आईवडिलांना भेटायला निघालेल्या माणसाला एअरपोर्टवर या प्रश्नांना तोंड द्यायला लावू नये.

प्रेषक: नाना

चेंबूरकरांचा मुद्दा रास्त, पण उपाय सोपा आहे. १८ ने गुणायचं. मशीनच्या पाठीवर तक्ता चिकटवू: ५.६ म्हणजे १००, ७ म्हणजे १२६, ७.८ म्हणजे १४०, ११.१ म्हणजे २००. लॅमिनेट करून द्यायचं काम माझ्याकडे. लोकांनी विश्वासाने दिलेल्या वस्तू परत करणं बरं दिसत नाही.

प्रेषक: डॉक्टरताई

नाना, तक्ता नको.

सेविका आकडा वाचते, लिहिते, आणि त्याच वेळी पुढच्या बाईचं बोट हातात घेते. तिथे गुणाकार घुसवला की चूक होणारच, आणि ती कोणाच्या लक्षातही येणार नाही. उद्या हाच माणूस पालिकेच्या दवाखान्यात गेला की केसपेपरवर मिलिग्रॅम, आपल्या कार्डावर मिलिमोल. एचबीएवनसीचंही (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तेच: आपल्याकडे ४८, तिथे ६.५ टक्के, अर्थ एकच. कार्डावर एकच मापन हवं आणि ते तिथलं हवं.

स्ट्रिप ज्या त्या मशीनचीच चालते. सोबतच्या १० संपल्या की मशीन कपाटात जातं. खर्च मशीनचा नसतो, स्ट्रिपचा असतो. म्हणून गोवंडीतल्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे ज्याची ५० ची डबी मिळते तेच मॉडेल घ्यायचं, आणि सगळ्या टेबलांवर तेच. दोन प्रकारची मशीन्स असली की डब्या हमखास अदलाबदल होतात.

टोचायची पेनं तर पाठवूच नका. ती एका माणसाने स्वतःपुरती वापरायची असतात. सुई बदलली तरी टोपीच्या टोकाला रक्त राहतं आणि त्यातून हिपॅटायटिस बी पसरू शकतो. शिबिरात एकदा टोचलं की आपोआप बंद होणारी लॅन्सेट, म्हणजे टोचायची सुई, लागते. शंभर माणसांना १२० मागवा, काही वाया जातात.

आता आकडा का चुकतो ते, कारण स्वयंसेवकांना हे आधी सांगावं लागतं. फळ खाल्लेल्या बोटाची साखर रक्तात मिसळते आणि आकडा वाढतो. म्हणून साबणाने हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे. स्पिरिट वापरलं तर ते वाळू द्यायचं. पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा, बोट पिळायचं नाही. डबीचं झाकण उघडं राहिलं तर मुंबईच्या दमट हवेत स्ट्रिप खराब होतात, म्हणून एक स्ट्रिप काढली की लगेच झाकण. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहायची. पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४० च्या वर गेला की बरीच मशीन्स चालत नाहीत, तेव्हा टेबल सावलीत आणि पंख्याखाली. रोज सकाळी आणि प्रत्येक नवी डबी उघडल्यावर कंट्रोल सोल्यूशनने (साखर किती ते आधीच ठाऊक असलेला द्रव) तपासणी, आणि त्याचा आकडाही वहीत.

एक गोष्ट नेहमी राहून जाते. ज्या बाईच्या अंगात रक्त कमी आहे तिच्या बोटातली शुगर खऱ्यापेक्षा जास्त दिसते. स्ट्रिपच्या पाकिटातल्या कागदावर हिमॅटोक्रिटची (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) मर्यादा छापलेली असते, खरेदी करताना ती बघा. आणि चांगलं मशीनही १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे दाखवू शकतं. त्यामुळे शिबिरात "तुम्हाला मधुमेह आहे" असं कोणीही म्हणायचं नाही. रँडम, म्हणजे केव्हाही घेतलेली, शुगर १४० च्या वर आली की नसेतून रक्त घेऊन लॅबची तपासणी, इतकंच सांगायचं. तीनशेच्या वर असेल आणि उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर त्याच वेळी रिक्षाने शताब्दी रुग्णालयात, चिठ्ठी आणि सोबत माणूस देऊन.

प्रेषक: खजिनदार

तिथे खरेदी करायची तर पैसे पाठवावे लागतील, आणि तो निर्णय या ईमेल लिस्टवर होत नाही, कार्यकारिणीत होतो. तोवर सर्वांच्या माहितीसाठी:

मंडळ ब्रिटनमध्ये नोंदलेलं आहे. सभासद कोणीही असोत, मंडळाचा पैसा भारतात परकीय देणगीच ठरतो. पैसे घेणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे तिथल्या ट्रस्टकडे, एफसीआरए (परकीय देणगीचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. रक्कम आधी तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हायला हवी, मुंबईच्या खात्यात थेट नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था हा पैसा दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू शकत नाही. म्हणून वस्तीतल्या महिला मंडळाच्या बचत खात्यात "थोडे पाठवून देऊ" ही सूचना मागच्या सभेत ज्यांनी केली, त्यांनी ती मनातून काढून टाकावी. त्रास त्या बायकांना होईल. ट्रस्टनेच स्वतःच्या नावावर स्ट्रिप विकत घ्यायच्या, बिल ट्रस्टच्या नावाचं.

वस्तूही याच कायद्यात येतात. बॅगेतून नेलं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही.

प्रेषक: सभासद

माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे. मी माझ्या खात्यातून थेट ट्रस्टला पाठवले तर?

प्रेषक: खजिनदार

चालतील. भारतीय नागरिकाची स्वतःची बचत, बँकेमार्फत, ही परकीय देणगी नाही. पासपोर्टची प्रत ट्रस्टला द्या. ओसीआय कार्डवाल्यांना (परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय) मात्र ही सवलत नाही, ते कायद्याने परकीय स्रोत. आणि थेट पाठवलेल्या रकमेवर गिफ्ट एड (ब्रिटिश सरकार देणगीवर देतं ती करसवलत) मिळत नाही. मंडळामार्फत दिलेत तर पौंडामागे २५ पेन्स वर येतात. दोन्ही रस्ते खुले आहेत, फक्त एकमेकांत मिसळू नका.

प्रेषक: नाना

पैशांचं कळलं. पण आपल्या मंडळात इतके डॉक्टर आहेत, त्यातले चार जण सुट्टीत तिथे जाऊन बसले तर यंत्रांपेक्षा जास्त उपयोग होईल. हे अजून कोणीच बोललं नाही.

प्रेषक: डॉक्टरताई

नाना, हे बोललं जायलाच हवं. जाऊ शकतात, पण महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू असेल तरच औषध लिहून देता येतं. नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी, त्यासाठी वैद्यकीय प्रशिक्षणाचे ३० क्रेडिट. आपल्यातल्या पुष्कळांची नोंदणी इकडे आल्यावर लॅप्स झाली आहे. ओसीआय असणं ही अडचण नाही, नोंदणी नसणं ही आहे. ज्यांना पुढच्या वर्षी जायचं आहे त्यांनी आत्ताच कामाला लागावं.

नोंदणी नसलेल्यांसाठीही काम आहे: सेविकांचं प्रशिक्षण, वहीची पडताळणी, ज्या बायका दुसऱ्यांदा आल्या नाहीत त्यांची यादी. खरं काम तिथेच आहे. बीपीचं अ‍ॅम्लोडिपिन आणि शुगरचं मेटफॉर्मिन पालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतं, पण त्यासाठी महिन्या-महिन्याने जावं लागतं. बाहेरून आलेला डॉक्टर १५ दिवसांच्या गोळ्या देऊन गेला की सोळाव्या दिवशी बीपी होतं तिथे परत. त्यामुळे शिबिराची चिठ्ठी दवाखान्याकडेच बोट दाखवणारी असते, गोळ्या तिथूनच सुरू व्हायला हव्यात.

प्रेषक: मुंबई समन्वय, चेंबूर

ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला धरून. शिबिराची वेळ सकाळी १० नको. बैंगनवाडी, शिवाजी नगरमध्ये पाणी भरण्यात सकाळ जाते आणि जरीकाम करणारे पुरुष दिवसा उठतच नाहीत कामावरून. संध्याकाळी ५ ते ९ ठेवा. पालिकेचे दोन पाळ्यांतले "आपला दवाखाना" रात्री १० पर्यंत उघडे असतात, म्हणजे पाठवलेला माणूस त्याच संध्याकाळी केसपेपर काढू शकतो. सोबत सेविका गेली तर नक्की काढतो.

बीपीच्या मशीनबद्दल कोणीच बोललं नाही, आणि आमच्या वहीत जास्त घोळ तिथेच दिसतो. मशीनबरोबर येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर दंडाचा असतो. दंड जाड असेल तर त्या पट्ट्याने बीपी जास्त येतं आणि धडधाकट बाईला गोळी सुरू होते. प्रत्येक टेबलावर ३२ ते ४२ चा मोठा पट्टा आणि दंड मोजायची टेप हवी. पाठीला टेकायला खुर्ची, पाय जमिनीवर, ५ मिनिटं शांत बसणं, एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजणं. बाहीवरून पट्टा बांधायचा नाही. घट्ट बाही वर सरकवली तरी दंड आवळला जातो, आणि बुरख्यातल्या बायका उघड्यावर हात काढणार नाहीत. पडदा लावलेला कोपरा आणि तिथे बाई स्वयंसेवकच, हे आधी ठरवा.

वापरलेल्या लॅन्सेट पांढऱ्या, सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस आणि स्ट्रिप पिवळ्या पिशवीत. दोन्ही ट्रस्टच्या दवाखान्यामार्फत जैववैद्यकीय कचऱ्यात जातील, पालिकेच्या घंटागाडीत नाही. देवनारच्या डंपिंगवर कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला ती सुई लागते.

खरेदीसाठी प्रिन्सेस स्ट्रीटवर दोन ठिकाणी भाव विचारले आहेत. बिल ट्रस्टच्या नावाने मिळेल. कार्यकारिणीचा होकार आला की स्ट्रिप, लॅन्सेट आणि मोठे पट्टे एकाच वेळी उचलतो. स्ट्रिपची एक्सपायरी किमान वर्षभर पुढची असेल तरच घेईन.

प्रेषक: उपक्रम समिती

ठीक आहे. बॅगेची विनंती मागे. ४० मशीन्सची यादी माझ्याकडे आहे, देणाऱ्या प्रत्येकाला मी स्वतः फोन करते. जे हो म्हणतील त्यांची इथल्याच गरजूंना देऊ, बाकीची परत.

खजिनदार, कार्यकारिणीची बैठक या रविवारी घेता येईल का? अजेंड्यावर एकच विषय ठेवा. चेंबूर, बैठकीआधी दोन्ही कोटेशन पाठवा, त्यात मोठ्या पट्ट्यांचा भाव वेगळा दाखवा.