जोंगम्यो जेर्येआक : यात रसिकाने काय पाहावे?

मंद्रसप्तक

सोल येथील जोंगम्यो या कोरियाच्या जोसन राजघराण्याच्या पितृमंदिरात होणाऱ्या विधीचे चित्रण नुकतेच पाहिले. चौसष्ट नर्तक आठ रांगांत उभे राहतात, एकाच वेळी वाकतात, हात उचलतात, बाजूला वळतात आणि पुन्हा स्थिर होतात. बराच वेळ पाहूनही याहून वेगळे काही घडले नाही. युनेस्कोने २००१ मध्ये या विधीला आणि त्याच्या संगीताला (म्हणजेच ‘जोंगम्यो जेर्येआक’ला) मानवजातीच्या श्रेष्ठ अमूर्त वारशात स्थान दिले, त्याअर्थी उणीव माझ्या पाहण्यातच असावी. शिवाय राजसत्ता उरलेली नसताना याला आध्यात्मिक म्हणावे, की केवळ जपून ठेवलेले सादरीकरण?

शिलानाद

आपण स्वतःला प्रेक्षक समजून पाहिलेत, तिथेच घोटाळा झाला असावा. हे नृत्य मुख्य मंदिराच्या १९ दालनांत ज्यांच्या स्मृतिपट्टिका ठेवल्या आहेत, त्या राजाराण्यांसाठी आहे. त्यात कौशल्याचे प्रदर्शन मुळात अपेक्षितच नाही. हातांकडे मात्र नीट पाहावे. राजांच्या सुशासनाची स्तुती करणाऱ्या ‘बोथेप्योंग’ या रचनामालेच्या वेळी नर्तकांच्या डाव्या हातात बासरी आणि उजव्या हातात तितराच्या पिसांनी सजवलेला दंड असतो, तर पराक्रम गाणाऱ्या ‘जोंगदेओप’च्या वेळी त्यांच्या हाती लाकडी तलवारी आणि भाले येतात. चौसष्ट ही संख्याही सहज आलेली नाही. प्राचीन चीनमध्ये आठ रांगा हा सम्राटाचा मान होता, आणि एका सरदार घराण्याने तो स्वतःच्या अंगणात वापरला म्हणून कन्फ्यूशियसने तीव्र नापसंती व्यक्त केल्याचे सर्वश्रुत आहे.

अनाहत

संगीताविषयी थोडी भर घालतो. बाराव्या शतकाच्या आरंभी चीनच्या सोंग सम्राटाने कोरियाच्या दरबाराला विधिसंगीताची वाद्ये पाठवली आणि त्यानंतर चिनी पद्धतीचे संगीत तेथे प्रतिष्ठेचे ठरले. पंधराव्या शतकात राजा सेजोंगने मात्र असा प्रश्न केला की, जिवंतपणी आपले देशी संगीत ऐकणाऱ्या पूर्वजांना मृत्यूनंतर परके संगीत का ऐकवावे? (माझ्या मते या परंपरेतील सर्वांत मानवी क्षण हाच आहे.) वर उल्लेखिलेल्या दोन्ही रचनामाला त्याच्याच काळातल्या, पण तेव्हा त्या दरबारी मेजवान्यांसाठी होत्या, पितृमंदिरात त्यांना स्थान मिळाले ते त्याचा मुलगा सेजो राज्य करीत असताना, १४६४ मध्ये. ‘प्योनग्योंग’ या सोळा दगडी पट्ट्यांच्या वाद्याचा सूर थंडी-उन्हाने फारसा ढळत नाही, म्हणून इतर वाद्ये त्याच्याशी मिळवली जात असत.

शिलानाद

आध्यात्मिकतेचा प्रश्न राहिला. विधीचा क्रम पाहिला तर पूर्वजांच्या आत्म्यांचे स्वागत, तीन वेळा मद्यार्पण आणि शेवटी निरोप, असे ते पाहुण्याचे आदरातिथ्य आहे. विसाव्या शतकात खंडित झालेला हा विधी १९६९ पासून जोन्जू यी या जोसन राजांच्या कुळाच्या वंशजांनी पुन्हा सुरू केला, आणि आजही पट्टिकांपुढे वाकणारे तेच असतात. वादक व नर्तक व्यावसायिक असले, तरी त्या कुळासाठी हे पूर्वजांचे श्राद्धच आहे, त्यामुळे ‘केवळ सादरीकरण’ हा शब्दप्रयोग मला पटत नाही.

मंद्रसप्तक

दोघांचेही आभार. चित्रण पुन्हा पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. कोपऱ्यातला लाकडी वाघ मी शोभेचा समजलो होतो. प्रत्यक्षात त्याच्या डोक्यावर तीनदा प्रहार करून पाठीवरचे दाते खरवडले की वादन थांबते.