मानेला हिसका बसल्यानंतरचा ताठरपणा आणि हलक्या हाताचे उपचार

प्रश्न
सहा महिन्यांपूर्वी गाडीला मागून धडक बसल्याने माझ्या मानेला हिसका बसला. एमआरआयमध्ये दोष आढळला नाही आणि दुखणेही बरेच ओसरले, परंतु मान उजवीकडे वळवताना ठरावीक जागी अडते व खांदा नकळत वर उचललेला राहतो. जोर लावून केलेल्या मालिशने त्रास उलट वाढला. अगदी हलक्या स्पर्शाने हा ताण सुटतो असे ऐकले. इतक्या कमी दाबाने नेमके काय साधते?

प्रतिसाद १
मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुखापत होताच आसपासचे स्नायू त्या भागाच्या रक्षणासाठी आखडतात, आणि जखम भरली तरी मज्जासंस्था हा पहारा लगेच उठवत नाही. अशा स्नायूवर जोर केला की तो आणखी घट्ट होऊ शकतो. तुमच्या मालिशचे बहुधा तेच झाले. अमेरिकन ऑस्टिओपॅथ (हाडे व स्नायूंवर हातांनी उपचार करणारे वैद्य) लॉरेन्स जोन्स यांनी विकसित केलेल्या ‘स्ट्रेन-काउंटरस्ट्रेन’ पद्धतीत नेमके उलट करतात: दुखरा बिंदू शोधून, त्याची वेदना जवळजवळ नाहीशी होईल अशा स्थितीत मान आणतात, ती सुमारे ९० सेकंद तशीच धरतात आणि मग अतिशय सावकाश पूर्वस्थितीत नेतात. या शेवटच्या टप्प्यात घाई केली, तर स्नायू पुन्हा आखडू शकतो. ताण टिपणाऱ्या स्नायूतंतूंची अतिसंवेदनशीलता यामुळे शमते, असे जोन्स यांचे स्पष्टीकरण होते. ते मला पटते, पण ते अद्याप सिद्ध झालेले नाही.

प्रतिसाद २
वरील माहितीत भर घालतो. हलक्या हाताच्या सगळ्याच पद्धतींना एका मापाने मोजू नये. क्रॅनिओसॅक्रल थेरपीत कवटीच्या हाडांची सूक्ष्म लय हाताला जाणवते असा दावा केला जातो, पण वेगवेगळ्या उपचारकांनी एकाच रुग्णाची मोजलेली लय आपसांत जुळत नाही. रुग्णाला बरे वाटत नाही असे मी म्हणत नाही. शांत पडून राहणे आणि आश्वासक स्पर्श यांचाही परिणाम होतोच. मात्र हातांनी मिळालेला आराम बहुधा अल्पकाळ टिकतो, म्हणून त्या मोकळ्या अवधीतच मान वळवण्याचे व्यायाम करावेत. हातात मुंग्या, अशक्तपणा, चक्कर किंवा चालताना तोल जाणे यांपैकी काही असेल, तर कोणाचाही हात मानेला लागण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मुंग्या किंवा चक्कर नाही. किती सत्रांनंतर थांबावे?

प्रतिसाद १
दर सत्राच्या आधी व नंतर हनुवटी खांद्याच्या दिशेने किती वळते ते आरशात पाहून लिहून ठेवा. तीन-चार सत्रांत ती नोंद जराही पुढे सरकली नाही, तर मी स्वतः उपचार बदलतो.