मदत हवी आहे: ऑर्लँडोला ख्रिसमस पाहायचा तर दिवसाचं तिकीट पुरेल का?

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला येताहेत. मुलांसह सगळ्यांनी ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचं ठरतंय, पण गाडी तिकिटांवर अडली आहे.

तिथल्या मॅजिक किंगडम या पार्कमध्ये ख्रिसमसच्या पार्टीचं तिकीट वेगळं, माणशी दीडशे डॉलरच्या वरच. पार्टी संध्याकाळी 7 ते रात्री 12. त्या दिवशी साधं तिकीट असलेल्यांना 6 वाजता बाहेर पडावं लागतं. मनगटावर पार्टीचा पट्टा असेल तोच आत थांबतो. मग मेन स्ट्रीटवर खोटा बर्फ पडतो, मिरवणूक निघते, कुकीज आणि गरम कोको मिळतो. बाबांना मधुमेह आहे आणि नऊला झोपायची सवय, त्यांच्यासाठी एवढे पैसे कशाला मोजायचे?

मला मनापासून वाटतं, सणाची मिरवणूक दिवसा येणाऱ्यांनाही दिसावी. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये ती नेहमीच्या तिकिटात असतेच ना! डिस्ने वर्ल्डच्याच एपकॉट या दुसऱ्या पार्कमध्येही मेणबत्त्या घेतलेलं गायकवृंद आणि येशूजन्माच्या कथेचं वाचन साध्या तिकिटावर ऐकता येतं. आईला भजनाची आवड, तिला ते नक्की भावेल.

ज्येष्ठांना घेऊन कुणी गेलं असेल तर सांगा: एपकॉटच्या त्या कार्यक्रमाला रांगेत किती आधी उभं राहावं लागतं? बसायला जागा मिळते का? आणि पार्टीच्या दिवशी मॅजिक किंगडमला दिवसा गर्दी कमी असते म्हणतात, तेव्हा सहापर्यंत निवांत फिरून निघालं तर चालेल का?