‘रिवॉर्ड’ म्हणजे बक्षीस?

मुठाकाठ: नैराश्यावरची माहितीपत्रिका मराठीत करतेय. ‘सततच्या ताणाने मेंदूतली रिवॉर्ड सिस्टिम मंदावते’ इथे अडलेय. ‘बक्षीस यंत्रणा’ लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी ‘पारितोषिक प्रणाली’ केलं. वाचताना शाळेचं स्नेहसंमेलन डोळ्यांपुढे येतं! शिवाय ‘अ‍ॅनहेडोनिया’ला, म्हणजे कशातच सुख न वाटण्याला, काय म्हणू?

नारायणपेठी: बक्षीस फारसी, म्हणून खोडलं असणार. मग कागदही खोडा, तोही फारसीच. अ‍ॅनहेडोनिया हा शब्द रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये घडवला. आपणही घडवू: ‘सुखलोप’.

कसब्यातली: घडवायचा कशाला? आजोबा गेल्यावर आजी म्हणायची, ‘कशातच राम नाही गं.’ राम म्हणजे रमणंच, धातू रम्. पेशंटला ‘सुखलोप झालाय का’ विचारलंत तर तो काय सांगेल?

ओपीडीतून: मानसोपचार विभागात आहे, म्हणून लिहिते. ताण आला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि वेळ टळली की उतरायला हवं. नैराश्यात अनेकांचं ते चढलेलंच राहतं. रिवॉर्ड सिस्टिम ज्यावर चालते त्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची घडी विस्कटते ती अशा लांबलेल्या ताणात. पण डोपामिन म्हणजे आनंद नव्हे. डोपामिन जवळजवळ संपवलेल्या उंदरांच्या तोंडात साखरपाणी घातलं तर ते मिटक्या मारतात, मात्र स्वतःहून खायला उठत नाहीत. म्हणून शब्द दोन हवेत: ‘ओढ’ आणि ‘गोडी’.

मुठाकाठ: हे वाचून थांबलेच. बाबा गेले त्या वर्षी आईने हापूसची पेटी उघडलीच नाही. एरवी रोज गवत बाजूला करून एकेक आंबा हुंगून बघणार. मी फोड कापून हातात दिली, तर ‘गोड आहे’ म्हणून खाल्ली. दुसरी मागितली नाही. म्हणजे गोडी होती, ओढ गेली होती.

नारायणपेठी: पण ‘वाचनाची गोडी लागली’ म्हणतो तेव्हा गोडी म्हणजे ओढच ना? तुमची जोडी तिथेच फसते.

ओपीडीतून: ‘लागली’ने अर्थ फिरतो. नुसती ‘गोडी’ चवीचीच.

कसब्यातली: संसाराची गोडी चवीची?

धायरीकर: मूळ वाक्यातला ‘ताण’ तरी पक्का आहे का? आमच्या ऑफिसात सगळे ‘तणाव’च म्हणतात.

नारायणपेठी: तणावा ही तंबूची दोरी. माणसाला ताणच येतो. तणाव दोन देशांत असतो.

धायरीकर: आणि दोन जावांत?

मुठाकाठ: पत्रिका परवा छापायला जातेय. ‘ओढ’ लिहू का, एवढं तरी सांगा.

कसब्यातली: जावांत तेढ असते, तणाव नाही.